दुर्मीळ म्हणजे फक्त कमी मिळणारं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे ती मोबाइलमधल्या एका खेळामुळे. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "घाम येतोय का गं त्यात?" नाही येत बाई. बसूनच खेळायचा. आज कारखान्याला सुट्टी आहे, दुपारची भांडी तशीच पडली आहेत, लेक आत झोपली आहे आणि मला उठून काहीही करावंसं वाटत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत मी पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहायचं काम. आता सुट्टीच्या दिवशी बसले तरी पाय उभेच असल्यासारखे वाटतात.

माझी लेक तुम्ही पाहिली नाही. अकरावीला आहे. तुम्ही मला शिकवलात तोच खो-खो ती खेळायची, पण माझ्यासारखा नाही. माझं नुसतं चिवटपण होतं, तिच्या अंगात वारा होता. तिचे सर म्हणायचे, अशी पोरगी क्वचित निघते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि इतक्यांदा सांगितलं की कारखान्यातल्या बायकांनाही ते पाठ झालं. रोज पहाटे तिला मैदानावर सोडायचं, तिथून घरी येऊन डबे करायचे, मग कामाला. हे फौजेतून रिटायर झाले आणि पुण्यात एका बँकेच्या दारात उभे असतात, रविवारी येतात. त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर. पण मला त्याचं ओझं वाटत नव्हतं, किंवा वाटत होतं ते कळत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कोरेगावला निवडीचे सामने होते. मी रजा काढून गेले होते. पोरगी खांबाला वळली, पाय तिथंच राहिला आणि अंग पुढं गेलं. मी कडेला उभी होते, मला आवाज ऐकू आला. ती ओरडली नाही. आडवी पडून आभाळाकडं बघत राहिली. सांगलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यातला लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून पुढं बरेच महिने व्यायाम केला तर परत मैदानात उतरता येईल. ऑपरेशन नाही केलं तरी, व्यायाम नीट ठेवला तर हिंडणं-फिरणं, जिने, रोजचं सगळं चालेल, पण असा वळायचा खेळ नको. मी तिथल्या तिथं म्हणाले, ऑपरेशनच करायचं. लेकीकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, आधी सूज उतरू दे, मग पुढच्या भेटीला दिवस ठरवू.

मग घरी आल्यावर ती पलंगावर आणि हातात मोबाइल. बोलणं बंद. मैदानावरच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्याशीही हूं नाही की चूं नाही. मी जेवायला वाढते आहे आणि ती त्या खेळातच. एक दिवस मी कामावरून आले, चपलासुद्धा न काढता तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मला दाखव तरी काय आहे त्यात."

तिनं मोबाइल थोडा माझ्याकडं वळवला.

मोठाल्या डोळ्यांची, टोकदार केसांची जपानी कार्टूनमधली असतात तशी माणसं. एक वाकडीतिकडी वाट, तिच्यावरून शत्रूच्या टोळ्या एकामागून एक येणार. वाटेच्या कडेला आपली माणसं उभी करायची आणि शत्रूला शेवटापर्यंत पोचू द्यायचं नाही. माणसं सोडतीसारखी मिळतात. करडी म्हणजे कुणालाही मिळणारी, मग निळी, मग जांभळी, आणि सोनेरी म्हणजे नशीब असेल तरच. घरात कितीही साठली तरी मैदानात न्यायला फक्त सहाच जणं निवडायची.

मी खेळायला लागले बाई. हसू नका. कामावरून आले की चहा घेऊन तिच्या शेजारी बसायचं आणि एक डाव खेळायचा. मला एक सोनेरी तलवारवाला मिळाला. काय रूप, काय झगा, तलवार फिरवली की सगळी स्क्रीन उजळायची. मी दरवेळी तोच पहिला निवडायची आणि दरवेळी हरायची. कारण तो उभा करायला इतकी ताकद साठवावी लागते की तोवर पहिल्याच टोळ्या शेवटापर्यंत पोचायच्या.

"अम्मी, तू नुसती सोनेरी रंग बघून घेतेस."

"मग काय बघायचं? एवढा रेअर आहे तो."

"रेअर म्हणजे चांगला नसतो. रेअर म्हणजे फक्त कमी मिळतो. तो करतो काय ते बघायचं." तिनं एक करडी मुलगी दाखवली, हातात साधी छत्री. "ही मारत नाही. हिच्या समोरून जाणारे हळू होतात, एवढंच. ही वळणावर ठेवायची. मग मागचे आपोआप मारतात."

दुखणं आल्यापासून इतकं सलग ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी छत्रीवाली घेतली. तरी तलवारवाला काही काढवेना.

त्या दिवसांत तुमची फार आठवण येत होती. सांगलीजवळच्या आपल्या त्या शाळेचं मैदान, कडेची बाभूळ, आणि तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून पोरी निवडताय. कुणाचे पाय बघत नव्हता तुम्ही. आम्हाला नुसतं बसवायच्या आणि बघायच्या, खो मिळायच्या आधी कुणाची मान कुठं वळते ते. मला घेतलंत तेव्हा पोरी हसल्या होत्या, कारण मी वर्गात सगळ्यांत हळू. अब्बांनी साफ नाही सांगितलं. बांगड्यांच्या दुकानात बसून म्हणाले, "बाई, पोरगी उघड्या पायानं पळणार न्हाई." दोन आठवड्यांनी शाळेत गेले तर तुमच्या टेबलावर कापडाचा ढीग. अख्ख्या टीमला घोट्यापर्यंत पायघोळ, ढगळ पँट शिवून आणल्या होत्या तुम्ही. ज्या पोरींना चड्डीवर खेळायला काहीच हरकत नव्हती त्यांनाही. एकटी मी वेगळी दिसू नये म्हणून. पहिल्या सामन्यात समोरची शाळा म्हणाली, ह्या पोरी आल्यात का पायजम्यांचं दुकान! तुम्ही म्हणालात, "हसू द्या. हसणाऱ्याचा दम लवकर जातोय."

आणि रोजे चालू असताना तुमच्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ. तुम्ही जैन, दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण उरकलेलं असायचं. माझं दिवस मावळल्यावर सुरू व्हायचं. सराव संपवून तुम्ही मला घरी न्यायच्या, चुलीजवळ पाट मांडायच्या, ताटात गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दुधाचा पेला. मग आपण दोघी बसून राहायचो, अजान व्हायची वाट बघत. "माझं दार बंद झालं की तुझं उघडतंय बघ," तुम्ही म्हणायच्या. मी खाताना तुम्ही समोरच बसलेल्या. पाणीसुद्धा घेत नव्हता. अजूनही रोजा सोडताना त्या चटणीचा वास मला येतो, घरात चटणी नसली तरी.

बोलणीही खाल्ली आहेत तुमची. एकदा तालुक्याच्या सामन्यात मी लांब सूर मारून एक गडी टिपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी उठून कपडे झटकत तिथंच थांबले, लोकांकडं बघत. तेवढ्यात दुसरी पोरगी माझ्या बाजूनं मोकळी सुटली. सामना आपण जिंकलो, तरी तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "टाळ्या कुणासाठी घेत हुतीस गं? आईबापाला दाखवायला आलीस व्हय?" मी रडले होते. दोन दिवस तुमच्याकडं बघितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही ऑपरेशनचा दिवस ठरवायला सांगलीला गेलो. दवाखान्याच्या बाकावर बसलो आहोत, लेकीनं कुबडी भिंतीला टेकवली आहे, मोबाइल पिशवीत आहे. आणि ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणते, "अम्मी, मला ऑपरेशन नको."

मला वाटलं भीती. मी म्हटलं, "भूल देतात गं, कळतसुद्धा नाही."

"भीती नाही वाटत. मला परत खेळायचंच नाही."

"असं का बोलतेस? सर काय म्हणतात ठाऊक आहे ना, अशी पोरगी..."

"ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. तू दुकानात गेलीस तरी सांगतेस." तिचा आवाज चढला नव्हता, हीच गोष्ट मला जास्त लागली. "मला पळता येतं अम्मी. मला पळायला आवडत नाही. कोरेगावला पडले ना, तेव्हा दुखायच्या आधी मला काय वाटलं सांगू? बरं झालं, असं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हणून मी कुणाशी बोलत नव्हते."

एक बाई मुलाला कडेवर घेऊन समोरून गेली, मी तिच्याकडं बघत बसले. आणि मला ती पोरगी आठवली, आपल्या शाळेतली सगळ्यांत वेगवान. तिच्यापुढं आम्ही सगळ्या बैलगाडी. जिल्ह्याच्या सामन्यांच्या तोंडावर ती तुमच्यापुढं येऊन म्हणाली होती, "बाई, मला न्हाई खेळायचं आता." आम्हाला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. तुम्ही विचारलंत, "घरचं कुणी नगं म्हणतंय?" ती म्हणाली, न्हाई. "मी लय बोलले का तुला?" न्हाई. "मग मनातनंच उतरलंय व्हय?" तिनं मान हलवली. तुम्ही म्हणालात, "बरं. जा. पन सांजच्याला भाकरीला येत जा." तिच्यावाचून आपण जिल्ह्याला हरलो बाई, चांगलंच हरलो. परत येताना ट्रकमध्ये मी तुम्हाला मनातल्या मनात खूप बोलले. असा हिरा हातातला सोडून देतं का कुणी? कितीतरी वर्षं मला वाटत होतं की तुमचं तिथं चुकलं. त्या पोरीला तुम्ही ते तीन प्रश्न विचारलेत. माझ्या लेकीला मी आजवर एकही विचारला नव्हता.

डॉक्टरांकडं आत गेल्यावर मी म्हटलं, "पोरीला विचारा काय करायचंय ते." ते जरा चमकले. तिनं शांतपणे सगळं विचारून घेतलं, पायाला काय जपायचं, कोणते व्यायाम, जिना कसा चढायचा, नंतर कधी ऑपरेशन करावंसं वाटलं तर काय. मी नुसती बसून होते. बाहेर येऊन यांना फोन केला. हे चिडले. "एवढी वर्षं घातली तिच्यामागं, आणि आता?" मी म्हटलं, "घातली ती आपण घातली. तिला कुठं विचारलं होतं?" हे म्हणाले, "रविवारी येतो तवा बोलू." रविवारी आले, बोलले मात्र काही नाहीत. पोरीला तेल लावून पायाचा व्यायाम करायला लावला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. तिचे सर मात्र अजून फोन करतात. उचलायचा धीर मला अजून झालेला नाही.

पोरगी आता बोलते. फार नाही. काल स्वतःहून कांदा चिरून दिला. पुढं काय करायचंय विचारलं तर म्हणाली, माहीत नाही. तेही ऐकून घेतलं.

हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते एक तर पोरीला दोष देतील नाहीतर मला शाबासकी. दोन्ही मला नको आहे. कागद घडी करून ठेवीन किंवा चुलीत घालीन, ठरवलं नाही.

एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी सांगलीहून परत येताना मला रडू येईल असं वाटलं होतं. लेक खिडकीशी बसली होती, मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मनात आलं, तिचा पाय बरा झाल्यावरही आता पहाटे मैदानावर जायला उठायचं नाही. कधीच नाही. बाई, माझ्या लेकीचं काय होईल हा विचार त्यानंतर आला. आधी हे आलं. आणि मग मी अशी झोपले की सातारा स्टँडला तिला मला हलवून उठवावं लागलं.