गैमाला गाडी लागते

केबिली,
२ नोव्हेंबर

शादलिया,

तुला सलाम. आम्ही बरे आहोत, अल्हमदुलिल्लाह. खजूर यंदा चांगला उतरला. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस, म्हणून लिहितो आहे.

गैमा अजून तुझ्याकडे सूसला का पोहोचली नाही, असं तू आईला विचारलंस. बाबा मुद्दाम टाळतात, असाही सूर होता म्हणे. तर ऐक. तुझ्या कुत्रीला गाडी लागते. पळत्या सशाला गाठणारी ही सलूगी गाडीत बसली की लाळ गाळते, जांभया देते आणि अर्ध्या वाटेवर, गाबेसच्या अलीकडे ओकते. तीनदा निघालो, तीनदा परतलो. नाक्यावरचा नाजी आता हटकून विचारतो, "काय हुमैदा, नवरी आज कुठवर पोहोचली?"

जनावरांचा डॉक्टर गोळी देऊन मोकळा झाला. बाकी सगळं मी स्वतः शोधलं. आधी नुसतं बंद गाडीत बसवलं. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग मशिदीपर्यंत फेरी. तोंड पुढे राहील असा पट्टा, खिडकी चार बोटं उघडी, खाली तिची रोजची चटई. आदल्या रात्रीपासून अन्न बंद, फक्त पाणी. यात कुठे चूक आहे? दाखव.

तरी ओकली. परवा मी वाकून नीट पाहिलं. भाजलेल्या जवाचं पीठ, तेलात कालवलेलं. ब्सीसा!

घरी येऊन तुझ्या आईला फैलावर घेतलं. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"या घरातून प्रवासाला निघालेलं कुणी उपाशी जाणार नाही."

"अगं, ती काय पाहुणी आहे? कुत्री आहे!"

"गावाला तर दटावता, कुत्री म्हणू नका, सलूगी म्हणा. मग सलूगीला चटई चालते आणि घास चालत नाही?"

"माझी सगळी मेहनत मातीत घातलीस, तिब्र!"

"एक गेली तशीच न जेवता," ती म्हणाली. "ताट वाढलेलं होतं. तुमचा आवाज चढला नसता तर जेवून गेली असती."

मी चपला चढवल्या. एका बागेतला पंप बंद पडला होता, तिकडे जायचं होतं.

तुझ्या लग्नाला आलो नाही ते खजुराच्या हंगामामुळे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तूही तेच समज.

काल आईला पुढे शेजारी बसवलं, दोन्ही हात मला दिसतील असे. गाबेसला जाऊन आलो. गैमा ओकली नाही. जांभईसुद्धा दिली नाही. म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती. आणि आता न येण्याला कारणही उरलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघतो. पोहोचल्यावर तिला लगेच खायला घालू नकोस. आधी पाणी, थोडं फिरव, पोट स्थिरावलं की मूठभर दे. तुझा नवरा दाराशी आला तर मी सलाम करीन. आवाज चढवणार नाही.

आईने कितीही हट्ट केला तरी मी घरून जेवून निघणार नाही. माझं ताट तू वाढ.

तुझा बाप,
हुमैदा