तुरवंजीच्या एकेचाळीस चिठ्ठ्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, अविवाहित, कोशकार्यालयात नोंदलेखिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. बुधवारी माझ्या पोटावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. पण हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, म्हणून लिहून ठेवलेले बरे. माझी बुद्धी शाबूत आहे, अंगात ताप नाही. मजवर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणारे आहेत, त्यांचा उल्लेख यथास्थळी येईल.

कलम १. बँकेतील शिल्लक, सायकल, मनगटी घड्याळ आणि शाळेत मिळालेली पदके आईची. पदके तिने पुन्हा पुढच्या खोलीत मांडू नयेत. पाहुण्यांपुढे मला बोलते करण्यासाठी त्यांचा पुरेसा वापर झाला आहे.

कलम २. पुस्तके माझ्या शाळेच्या ग्रंथालयास. काकांनी चार दिवसांसाठी नेलेल्या वनस्पतिकोशाला सातवे वर्ष लागले आहे, तोही त्यांनी तेथेच पोचवावा. काका बाइंडर आहेत. हाती आलेल्या पुस्तकाची कड कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून ग्रंथालयाने पोच देताना पाने मोजून घ्यावीत.

कलम ३. माझी खरी मालमत्ता म्हणजे बुटांच्या खोक्यातील एकेचाळीस चिठ्ठ्या. माझे दिवंगत वडील याच कार्यालयात सव्वीस वर्षे नोंदी लिहीत होते. चौथ्या खंडात त्यांनी लिहिले: ‘तुरवंजी. पाणथळ जागी उगवणारे, पिवळ्या तुऱ्यांचे झुडूप. पाने चुरडल्यास कडवट वास.’ पुढे तीन कोशांनी ही नोंद स्वल्पविरामासकट उचलली. मग साहित्यिकांनी तिला हात घातला. एका कवीने तिला सुगंध दिला. एका कादंबरीत नायक-नायिका तिच्या सावलीत बसली, म्हणजे झुडपाचा वृक्ष झाला. एका कथेत तिच्या काढ्याने सासू बरी झाली आणि सून खचली. अशा प्रत्येक वापराची मी चिठ्ठी केली. चौथ्या खंडाआधीचा वापर मात्र एकही सापडला नाही.

यावरून नव्या आवृत्तीतून ही नोंद गाळावी, असे उपसंपादकांनी ठरवले. भर बैठकीत ते मला म्हणाले, “बाई, तुमच्या वडिलांनी हे झाड घरच्या कुंडीत लावलं होतं.” सगळे हसले. मला चारचौघांत उत्तर सुचत नाही. घरी पोचल्यावर सुचते, तेही व्याकरणशुद्ध. बाबांची एक नोंद खोटी ठरली, तर त्यांच्या सव्वीस वर्षांच्या कामावर पाणी पडते. हे उपसंपादकांना कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

चौथ्या खंडाच्या हस्तलिखितात या नोंदीच्या डोक्यावर टाचणीचा गंज आहे. टाचणी होती म्हणजे चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी होती म्हणजे जुना आधार होता, असे मी धरून चालले. मग तो आधार गेला कोठे? कपाटाची किल्ली उपसंपादकांकडे असते, आणि हस्तलिखित बांधले काकांनी. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अगं, मी कागद बांधतो, वाचत नाही. वाचत बसलो असतो तर तुझ्या बापासारखा चपला झिजवत राहिलो असतो.” उत्तर तयार ठेवल्यासारखे वाटले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून साक्षीदार हेच दोघे नेमले आहेत.

कलम ४. इथवरचा मसुदा रविवारी आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

“टाचणीला आधार नव्हता गं,” ती म्हणाली. “मोठ्या साहेबांचा हुकूम होता. काम झाल्यावर जाळायचा असा. मीच जाळला.”

जुन्या कार्यालयाची रीत तिने सांगितली ती अशी. प्रत्येक खंडात एक बनावट शब्द पेरायचा, म्हणजे कोणी कोश चोरला की तो शब्दच चोर पकडून देतो. शब्द कोणता, हे मुख्य संपादक, म्हणजे मोठे साहेब, आणि लिहिणारा यांनाच ठाऊक.

“मग तुला कसं कळलं?”

“तुझ्या बाबांना नाव सुचेना. तीन दिवस ताटावर लक्ष नाही. शेवटी मी म्हटलं, तुरवंजी ठेवा आणि जेवा.”

“तुला कुठून सुचलं?”

“काय माहीत. तोंडात आलं.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“शपथ घातली होती त्यांनी. आता तू काकाला चोर ठरवायला निघालीस, म्हणून मोडली.”

आईवरही मी विश्वास टाकला नाही. शस्त्रक्रियेआधी माझे मन शांत व्हावे म्हणून ती काहीही रचू शकते. आज दुपारी उपसंपादक किल्ली टेबलावर ठेवून जेवायला गेले असता मी उरलेल्या खंडांची हस्तलिखिते तपासली. प्रत्येक खंडात एकाच नोंदीवर टाचणीचा गंज आहे आणि त्या नोंदीला आधार नाही. पाचव्या खंडातील तशी नोंद उपसंपादकांच्या हस्ताक्षरात आहे. मोठे साहेब गेले, बाबा गेले. ही रीत जाणणारे कार्यालयात ते एकटेच उरले होते, आणि तरीही ते कुंडीविषयी बोलले.

काकांवरचा संशय मी मागे घेते. वनस्पतिकोशाची मागणी कायम आहे.

कलम ५. चिठ्ठ्या कार्यालयास द्याव्यात, पुढील अटींवर. तुरवंजीची नोंद राहील, ती अशी: ‘साहित्यात उगवणारी वनस्पती, अन्यत्र आढळत नाही.’ खाली एकेचाळीस वापर द्यावेत. बाबांनी ती हुकमावरून लिहिली आणि नाव त्यांच्या पत्नीने दिले, हे प्रस्तावनेत छापावे. पाचव्या खंडातील नोंद कोणती, हे मी येथे लिहीत नाही. ते एका बंद पाकिटात लिहून आईकडे दिले आहे. अटी पाळल्या तर आईने ते पाकीट फोडू नये.

मी जगले वाचले तर या अटी मी स्वतः बैठकीत वाचून दाखवीन. तेव्हा कागद हातात असेल.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ, सोमवार, सायंकाळी सहा

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: काका, बाइंडर. समक्ष सही केली.

साक्षीदार दुसरा: उपसंपादक. समक्ष सही केली. कलम पाच मान्य. प्रस्तावना मी लिहीन आणि पाचव्या खंडाचेही तीत सांगेन. पाकीट फोडले तरी चालेल.