न मागता आलेला ड्रायव्हर

प्रिय धाकट्या,

तुझा पेनड्राइव्ह कुरियरने पोचला, आणि तेव्हापासून मी त्याच्याकडे संशयाने बघते आहे. दोन वर्षं साधा फोन नाही आणि एकदम भेट? तीही ड्रायव्हरची?

घरातल्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकायला घेतलं, तर इन्स्टॉलर म्हणाला, डिस्कच सापडत नाही. बाबांनी कुठलं तरी आडवळणी डिस्क-कार्ड बसवलेलं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा द्यावा लागतो. हे रडगाणं मी फक्त आईपुढे गायलं होतं. तिने तुला कळवलं असणार, तेवढी ती फितूर आहेच. पण कार्डाचं मॉडेल? ती अजून रिमोटला ‘ते दाबायचं’ म्हणते.

म्हणून तुझा पेनड्राइव्ह बाजूला ठेवून मी माझा बनवला. नव्यात नवा ड्रायव्हर उतरवला. नवं ते चांगलं, हा आपला दुकानदारी बाणा. इन्स्टॉलर जुना, त्याने ढुंकूनही बघितलं नाही. मग कार्डावरचं मॉडेल तरी नीट वाचावं म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडायला गेले, तर झाकणाला तीनच स्क्रू. मागच्या वेळी मी चार लावले होते. आत धुळीचा कण नाही, आणि पंख्यात रंगाच्या ब्रशचा एक केस. रेडिओ, मिक्सर, आजोबांचं घड्याळ, काहीही उघडलंस की एक स्क्रू तुझ्या खिशात जातो, हे मी विसरेन असं वाटलं तुला?

आईला विचारलं, तर तिला एकाएकी कमी ऐकू यायला लागलं. दर मंगळवारी मी कागद आणायला बाजारात जाते आणि परतल्यावर ओट्यावर दोन कप पालथे असतात. म्हणे, शेजारीण येते. शेजारीण गेला महिनाभर लेकीकडे आहे.

स्टुडिओ सोडून निघालास तेव्हा मी म्हणाले होते, मी असताना या घरात पाय ठेवायचा नाही. तू तो शब्द भलताच अक्षरशः पाळलास.

तुझा पेनड्राइव्ह शेवटी लावला. डिस्क मुकाट्याने दिसली, लिनक्स बसलं. आभार मानायला हे लिहीत नाहीये, फुगू नकोस. येत्या मंगळवारी मी बाजारात जाणार नाही, एवढंच कळवायचं होतं. आईला यातलं काही बोलले नाही, आपण पुन्हा भांडू या धास्तीने ती तुला परस्पर थोपवेल. कप मी तीन काढून ठेवते. पुढच्या दाराने ये, आणि तो स्क्रू घेऊन ये.

तुझीच, अजूनही संशय न फिटलेली,
ताई