दीड पानाची सुरावट

मी, मुराकोशी ताइझो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जुने पियानो दुरुस्त करून विकणे, राहणार हामामात्सु, हे राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे नोटरीबाईंनी सांगितले आहे. कान अजून असे आहेत की बाई कायदा समजावत असताना त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ अडखळत चालले आहे हे मी त्यांना मध्येच सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

घर, आणि अंगणातले संत्र्याचे झाड, माझी एकुलती मुलगी चिझुरु हिला. झाड शेजारच्यांच्या भिंतीवरून वाकते. पलीकडे पडलेली संत्री कोणाची, यावरून माझे आणि त्यांचे बोलणे बरीच वर्षे बंद आहे. पलीकडे पडलेली त्यांची. तो वाद मी या कलमाने मिटवला.

दुकान आणि मागचा कारखाना ओगासा तोशिरो याला. माझ्या हाताखाली शिकला, आणि माझ्या तोंडाला टिकला. सूर लावायची माझी किल्लीही त्याचीच. तिची चेरीच्या लाकडाची मूठ मी पियानोच्या कारखान्यात फळ्या वाहत होतो तेव्हा केली. तारेला हात लावायची मला परवानगी नव्हती, म्हणून आधी मूठ करून ठेवली. एकच अट. न खपलेला पियानो मोडीत काढू नये, बालवाडीला द्यावा. मुलांनी बडवलेला पियानो गप्प पडलेल्या पियानोपेक्षा जास्त जगतो.

बँकेतली शिल्लक चिझुरुला. तीतून माझ्या शेवटच्या दिवशी येणाऱ्यांना भाजलेली वाम आणि भात घालावा. वाम मोठी असावी. माणूस गेल्यावर लहान वाम वाढून दुःख दाखवायची पद्धत मला मान्य नाही.

आता मुख्य.

माझी बायको नोबुए गेल्या वर्षीच्या वसंतात गेली. त्यानंतर मी पियानोवर एक सुरावट रचली. दीड पानाची, संथ, उदास. जन्मभर मी दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी पियानो जुळवून दिले. स्वतःचे काही रचले ते एवढेच. घरातल्या बैठकीत एक उभा पियानो आहे, खालचे सूर बसके असल्याने कोणी घेतला नाही तो. दुकान उघडायच्या आधी त्याच्यापाशी बसत असे. डावा हात म्हातारा जिना उतरतो तसा खाली खाली जातो. उजवा हात थोडेसे काही म्हणतो, थांबतो, पुन्हा तेच म्हणतो. सुचायला पाच महिने लागले, आणि ती नखशिखांत माझी आहे याची मला खात्री होती. उसनी धून मी दारातूनच ओळखतो.

ती चिझुरुला द्यायची म्हणून नोटरीबाईंकडे गेलो.

“नाव काय तिचं?” बाईंनी विचारले.

“नाव नाही.”

“मग वारसांनी नेमकं काय घ्यायचं, मुराकोशी-सान? घरात सुरांचे कागद किती आहेत?”

“ढीगभर.”

“तर मग नाव घेऊन या. तोवर मी शिक्का मारणार नाही.”

बाईंचे चुकले नव्हते. बिननावाच्या कागदात माझ्यामागे कोणी चहाचे कप गुंडाळले असते, आणि नोबुएसाठी केलेली एवढी एकच गोष्ट भंगारात गेली असती. पण नाव काही सापडेना.

होत्ता सर कॉलेजात संगीत शिकवून निवृत्त झाले. माझ्या दुकानात रोज चहा पितात. त्यांनी सुरावट डोळे मिटून ऐकली आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, “‘पानगळीचे अश्रू’ ठेवा.”

“नोबुएला पानगळीचा वैताग होता, सर. झाडून झाडून कंबर मोडायची तिची.”

“मग ‘अनंताच्या वाटेवर’?”

“ती पोस्टात जाताना शेजारणीला सांगून जायची. अनंताच्या वाटेला एकटी लागेल होय?”

“मुराकोशी-सान, तुमच्यासारख्या माणसानं रचना करावी, हेच आश्चर्य आहे.”

“चहा निवतोय, सर.”

गेल्या महिन्यात नोबुएसाठी मंत्र म्हणवायचे होते म्हणून चिझुरु आली. चिझुरु लहानपणी छान वाजवायची. मी आंघोळीच्या टबातून ओरडत असे, “डावा हात झोपलाय!” एक दिवस ती म्हणाली, “मग तुम्हीच वाजवा,” आणि झाकण लावले. ते तिने पुन्हा कधी उघडले नाही.

ती स्वयंपाकघरात मुळा सोलत होती. मी बैठकीत बसून सुरावट वाजवली. शेवटचा सूर विरायच्या आत स्वयंपाकघरातून हसू आले.

“बाबा, हे कुठून आणलंत?”

“आणलं नाही. सुचलं.”

“सुचलं म्हणे! अहो, हे आपल्या बंबाचं गाणं आहे.”

“खुळी आहेस का?”

“थांबा.” तिने भिंतीवरचे बटण दाबले.

आमचा गॅसचा बंब टब भरला, पाणी तापले की भिंतीतून एक छोटी धून वाजवतो. टब भरेपर्यंत आम्ही बापलेक स्वयंपाकघरात तोंड फुगवून बसलो. मग तो वाजला. टिणटिणीत, घाईचा, आनंदी. पण तीच सुरावट. रोज कानावर पडून पडून मी ती ऐकणेच सोडले होते.

पूर्वी लाकडाचा बंब होता तेव्हा नोबुए हाक मारायची, “अहो, पाणी तापलं!” हा गॅसचा आला तेव्हा म्हणाली, “घ्या, माझी नोकरी गेली.” पण गेली नाही. बंब वाजला की त्याच्यावर आवाज चढवून ती हाक मारायचीच. आणि मी ‘आलो’ म्हणून पेपर वाचत बसायचो.

मी बैठकीत जाऊन पियानोवर डोके टेकले. “दीड पान, आणि तेही चोरीचं. बंबाच्या घरची चोरी.”

चिझुरुचे हसू थांबले. “बंब इतका हळू कुठे वाजतो, बाबा? असं हळू आई म्हणायची. टबात बसली की.”

आमच्याकडे टबातले पाणी एकच. बाहेर अंग धुऊन आधी मी उतरायचो, मग चिझुरु. भांडी आवरून, उद्याचा तांदूळ भिजवून शेवटी, निवत आलेल्या पाण्यात, नोबुए. तिला घाई करणारे मागे कोणी उरलेले नसे. मी तोंडावर पेपर घेऊन पडलेला असे, आणि भिंतीपलीकडे ती बंबाची धून गुणगुणत असे, दमलेल्या आवाजात, थांबत थांबत. मला वाटायचे मी झोपलो आहे. कान जागे होते. त्यांनी सगळे जपून ठेवले, आणि मला सांगितले नाही.

चिझुरुने ओले हात पुसले, माझ्या शेजारी बसली आणि उजव्या हाताने ती सुरावट वाजवली. तिसऱ्या ओळीत चौथे बोट चुकले. मी काहीही बोललो नाही. तेव्हा तेथे साक्षीदार नव्हते, म्हणून येथे नोंद करतो.

“बोला की काहीतरी,” ती म्हणाली.

“पाणी निवतंय. आज आधी तू जा.”

सबब सदर सुरावटीचे नाव ‘अहो, पाणी तापलं’ असे ठरले आहे. ती, तिच्या नावासह, चिझुरुची. होत्ता सरांनी नाक मुरडले. हे नाव छापले तर लोक हसतील म्हणाले. हसू देत. नोबुएही हसली असती, आणि मग म्हणाली असती, आता तरी उठा.

या नावाला होत्ता सरांनी पुढे-मागे हात लावू नये म्हणून मी त्यांना साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. माझा बुद्धिबळाचा पट त्यांना हवा होता. तोही त्यामुळे वाचला. तो ओगासाला.

माझ्या शेवटच्या दिवशी ही सुरावट चिझुरुने वाजवावी अशी इच्छा आहे, सक्ती नाही. वाजवल्यास कोणीही कोठूनही ओरडून चूक काढू नये. वाजवावेसे न वाटल्यास बंबाचे बटण दाबावे आणि सर्वांनी टब भरेपर्यंत थांबावे.

बंब वाजल्यावर कोणीतरी हाक मारावी. लोक गेल्यावर घरातल्यांनी आंघोळी कराव्यात. पहिली चिझुरुची. शेवटी जो कोणी उरेल त्याच्यासाठी पाणी पुन्हा तापवावे. बंबाला त्याचे वेगळे बटण आहे.

हामामात्सु, दि. १४ नोव्हेंबर २०१९

मुराकोशी ताइझो (सही व शिक्का)

आमच्या समक्ष सही केली:
१. होत्ता मोरिहिको, निवृत्त संगीतशिक्षक. नावाबाबत मतभेद कायम.
२. नागुरा किनुयो, खानावळ चालवते. नाव मला आवडले.