कॅमशाफ्टच्या चार डिग्री

आई, तू गेल्यानंतर मी गॅरेज टाकलं, कात्रजच्या चढाच्या अलीकडे. लोक माझ्याकडे गाड्या वेगवान करून घ्यायला येतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, आहे तो वेग पुरत नाही का? पण कॅमशाफ्ट म्हटल्यावर थांबली असतीस, कारण तुझी सगळी नोकरी कारखान्यात ते दांडे तपासण्यात गेली. मी सात-आठ वर्षांचा असेन. पोळ्या लाटता लाटता तू लाटण्याला कणकेचा गोळा चिकटवलास आणि फिरवून दाखवलंस. हा उंचवटा वर आला की इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो, खाली गेला की मिटतो. मला तेवढ्यात समजलं आणि मी खेळायला पळालो. धाकटी मात्र लाटणं फिरवत बसली. मी चप्पल घालत होतो तेव्हा तिने विचारलेलं ऐकू आलं, "गोळा मोठा केला तर?" आणि तू हसलीस. तसं तू माझ्या कुठल्याही प्रश्नाला हसल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

तू निवृत्त झालीस तेव्हा तुझा स्वतःचा डायल गेज, केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारा, तिला दिलास. ती अजून कॉलेजात होती, मी एका गॅरेजात कामाला लागलो होतो. रोज लागणारी वस्तू होती ती, माझ्या रोजच्या कामाची. मी नुसतं बघितलं तुझ्याकडे, तर म्हणालीस, "तुला घाई असते रे. काटा स्थिर होईपर्यंत तू थांबत नाहीस." खोटं नव्हतं ते. पण तिच्यासमोर म्हणालीस.

गेल्या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. जांभूळवाडीकडचे गृहस्थ, वयाने माझ्याएवढे, टर्बोची गाडी, हौस दांडगी. मी त्यांना मोठ्या उंचवट्यांचा, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवून दिला. उभ्या गाडीचा आवाज असा काही धडधडायला लागला की शेजारचा चहावाला बघायला आला. आठवड्याने ते गृहस्थ परत आले. "अहो, आवाज झकास आहे," म्हणाले, "फक्त चढावर ढकलायला सोबत एखादा माणूस द्या." खालच्या वेगात गाडीत जीवच नव्हता आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फार उशिरा जागा व्हायचा. मी दोन दिवस इंधन आणि स्पार्कची जुळणी बदलत बसलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमची बहीण मोजमाप शिकवते ना पॉलिटेक्निकमध्ये? बघेल का एकदा?"

ती आली. पिशवीतून तुझा गेज काढला, इंजिन किती फिरलं ते दाखवणारी डिग्रीची चकती लावली आणि हाताने इंजिन हळूहळू फिरवत एकेक आकडा लिहीत गेली. दोन तास. मी उभा आहे, कापडाला हात पुसतोय, हात केव्हाच स्वच्छ झालेत. मग ती म्हणाली, "दादा, टर्बो नसलेल्या इंजिनाला हा चालला असता. इथे धूर बाहेर जायच्या वाटेवर टर्बो बसलाय, तिथे दाब साठतो. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह इतका वेळ एकदम उघडे राहिले, तर जळलेला धूर उलटा आत शिरतो." तिने कमी वेळ उघडा ठेवणारा, पण व्हॉल्व्ह चांगला उचलणारा दांडा निवडला. मी तो मागवला. तिने तो बसवला, त्याच्या टोकाची पुली डिग्री-डिग्रीने सरकवून जागेवर आणली, स्क्रू आवळले. गृहस्थ सगळं बघत होते. "या कुठे शिकल्या हो हे?" त्यांनी मला विचारलं. मला म्हणजे, जणू मी तिचा मदतनीस. ती म्हणाली, "आईकडे."

आमची आई. मीही त्याच ओट्याशी उभा होतो की नाही?

ती हात धुवायला मागे गेली आणि ते गृहस्थ फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेले. मी पुलीचे स्क्रू सैल केले, व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतील अशी पुली चार डिग्री मागे सरकवली आणि पुन्हा आवळली. इंजिन बिघडलं नसतं, याची मला खात्री होती. फक्त चढावर तिची फजिती व्हायला हवी होती.

झाली. दोघं घाटात चक्कर मारून आले आणि गृहस्थ तिला म्हणाले, "मॅडम, फरक आहे, पण तुम्ही म्हणालात तेवढा नाही." तिने कव्हर उघडलं, पुन्हा चकती आणि गेज लावले. काटा थांबला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग स्क्रूच्या डोक्याकडे, मग माझ्या हातांकडे. मला वाटलं, आता बोलणार. ती गृहस्थांकडे वळली आणि म्हणाली, "माझंच मोजताना चुकलं. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांत तिने पुली जागेवर आणली. गाडी घाटात अशी चढली की ते गृहस्थ उतरले तेव्हा लहान मुलासारखे हसत होते. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "दादा, जेवून घे, दुपारचा उपाशी आहेस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने मला सांभाळून घेतलं, आणि त्याचाही मला हेवा वाटला, कारण ते अगदी तुझ्यासारखं होतं.

त्या गाडीमुळे आता चार ठिकाणांहून लोक येतात. कॅमची निवड कुणाची, असं विचारतात आणि मी म्हणतो, आमच्या गॅरेजची. ती धनकवडीत राहते, इथून दहा मिनिटांवर. दिवाळीला आली होती, गाडीचा विषयही तिने काढला नाही. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं, आई. वरती तिचं नाव लिहून पाहिलं, पण पुढे काही सुचेना, म्हणून ते खोडून तुला लिहीत बसलो.