मागच्या दाराची कडी

सोमवार, ३ नोव्हेंबर १९८६
पालघरला पोचलो. पाडलेल्या थिएटरचा इतिहास लिहायचाय. त्या जागेवरच्या नव्या बाजाराच्या उद्घाटनाला पुस्तिका निघेल. राहायला तिकीटखिडकीची खोली, तेवढीच पाडायची राहिलीय. सहा फूट बाय नऊ. दार एक, कडी फक्त आतून. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण मी लिहिलेली तारीख आजवर कुणी खोडून दाखवलेली नाही. जागा झकास आहे.

बुधवार, ५
नकाशा मिळाला. दारं चार, चारही आतून उघडणारी. चौऱ्याहत्तरच्या आगीत सात बायका चेंगरून गेल्या, असं चौकशीच्या कागदात आहे.

सातपाटीच्या येसूबाई आल्या, भांडायलाच. म्हणाल्या, मासळी विकून कोळणी तीनच्या खेळाला यायच्या. वास येतो म्हणून मासळीच्या पाट्या बाहेर रांगेत, बायका मागच्या दाराने आत, खुर्च्यांच्या नि त्यांच्या मधे फळ्यांची भिंत. फुकटे घुसू नयेत म्हणून खेळ लागला की बाहेरून कडी. त्या दिवशी एकोणीस पाट्या न्यायला कुणीच आलं नाही. एक त्यांच्या लेकीची, हिराची.

मी नकाशा पुढे केला. "कडी भायेरून व्हती, मास्तर. तवा तुमचा कागद नव्हता तिथं!"

मला शिकवते! हाकलून दिलं. मजकूर छापखान्यात: दारं उघडी होती.

शुक्रवार, ७
दुपारचे तीन. खोलीबाहेर मासळीच्या पाट्या, रांगेत, ओल्या. सात. ही थट्टा कुणाची? मैदानात चिटपाखरू नाही. लाथेने उडवल्या.

शनिवार, ८
एकोणीस.
राडारोड्यात मागचं दार सापडलं. आतून जळलेलं, नखांनी ओरबाडलेलं. कडी बाहेरच्या अंगाला.
छापखान्यात धावलो. छापून झालंय. छापखान्याच्या मालकाच्या मुलाला नाही नाही ते बोललो. हरामखोर हसला. म्हणाला, लिहिलं तुम्हीच, नावही तुमचंच.
येसूबाईंकडे जायला हवं. उद्या.

रविवार, ९
पावणेतीन. निघालो होतो — दारात वीस पाट्या. विसावी कोरडी, तिच्यात माझी पुस्तिका. मागे सरलो, दार लागलं.

बाहेर कडी वाजली.

या दाराला बाहेरून कडी नाही. सोमवारी मीच लिहिलंय —

ढकलतोय. बाहेर बायका. रडत नाहीत, चिडल्यात —

धूर.

दुरुस्ती: कडी बाहेरून होती. मेल्या एकोणीस. हिरा, आणि — आणि —
बाकीची नावं मी विचारलीच ना