दादावरचा धोंडा

सोमवार, ता. १२ मार्च १९३४, सकाळी साडेसहा. फलाटावरचे कंदील पुसून लिहायला बसलो.

तीर्थरूप आबांच्या पायांवर डोके ठेवून रखमाजीचा नमस्कार.

मी खुशाल आहे. इकडे उत्तरेत आता थंडी सरली. आईचा खोकला कसा आहे? विंझरला पाणी आहे ना?

आठ वर्षांपूर्वी गेनूदादा रूळ टाकायला आला, तेव्हा इथे नुसता माळ होता. आता दोन फलाट, धर्मशाळा आणि तीस दुकाने आहेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दादाला जिथे पुरले ती जागा शोधली. आपल्या गड्यांनी खूण राहावी म्हणून वर धोंडा ठेवून शेंदूर फासला होता. उतारूंना तो देव वाटला. आता तिथे देऊळ आहे, आणि बाजार त्याच्याभोवतीच वाढला.

देऊळ बांधले ते मुकादमाने. दादा तापाने पडला तेव्हा त्याचा शिधा बंद करणारा तोच. मी त्याचे पाय धरले. म्हटले, "खाली माझा भाऊ आहे. हाडं गावच्या नदीत, गुंजवणीत सोडायची आहेत."

तो हसला. "जित्तेपणी तुझ्या भावाला एक पाटी उचलत नव्हती. आता सारं गाव पोसतोय. त्याला सोडू होय?"

वर दर शनिवारी धोंड्याला शेंदूर लावायचे काम त्याने मलाच दिले. माझी फलाटावरची नोकरी त्याच्याच हातात; नाही म्हटले तर जाईल. मी लावतो, आबा.

हाडे मिळणार नाहीत. आईला एवढेच सांगा, की दादापुढे रोज हलवा ठेवतात. तो उपाशी गेला, हे सांगू नका.

तुमचा धाकटा,
रखमाजी